पुठ्ठ्याचा महाराष्ट्र

मेहरीनला एक मे हा दिवस मनापासून आवडायचा. गव्हाळीच्या शाळेत ती लहान गटाला शिकवायची. परीक्षा संपून सुट्टी लागलेली असली तरी एक मेच्या झेंडावंदनाला झाडून सगळी पोरं यावीत म्हणून ती दरवर्षी काहीतरी गंमत करायची. वर्गातल्या फरशीवर ती रांगोळीनं महाराष्ट्राचा नकाशा काढायची, आणि पोरांनी घरून मुठीत जे आणलं असेल ते त्यात ठेवायचं. सोलापुरावर ज्वारीचे दाणे, नाशकावर कांदा, कोकणात नारळाची शेंडी, जळगावावर केळं. ते केळं कुणीतरी हमखास खाऊन टाकायचं. मग ती विचारायची, "आपण कुठं राहतो?" की सगळी पोरं एकदम पुढं झेपावून नकाशाच्या मधोमध बोटं टेकवायची आणि नगर जिल्ह्याच्या जागी नुसता रंगीत धुरळा उरायचा. हसून हसून पुरेवाट व्हायची. मग लाडू खाऊन, हात कपड्यांना पुसून सगळे आपापल्या घरी.

गेल्या वर्षी मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडमनी त्या नकाशाचा फोटो काढून संस्थेच्या ग्रुपवर टाकला. तो संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे गहिनीनाथ भाऊंनी पाहिला, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

भाऊंच्या चार शाळा होत्या, एक दूध संकलन केंद्र होतं आणि येत्या निवडणुकीला उभं राहायचा पक्का विचार होता. यंदा एप्रिलमध्ये ते शाळेत आले, मेहरीनला ऑफिसात बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमची आयडिया एक नंबर आहे. फक्त बारकी आहे. ती आपण मोठी करू."

मोठी म्हणजे अशी. चारही शाळांची पोरं मैदानात बसवायची. प्रत्येकानं रंगीत पुठ्ठा डोक्यावर आडवा धरायचा. एका जिल्ह्याचा एक रंग. वरून ड्रोन फिरवायचा, की खाली अख्खा महाराष्ट्र दिसणार. विक्रमांची नोंद करणारी कुठलीशी संस्था त्याचं प्रमाणपत्र देणार होती, आणि टीव्हीवरच्या मालिकेतला एक नट पाहुणा म्हणून यायचा होता.

"आपला जिल्हा तुमच्या लहान गटाकडं," भाऊ म्हणाले. "महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, आणि तो करणार सगळ्यात लहान पोरं! बातमीला बरं पडतं."

"भाऊ, ही चार-चार वर्षांची मुलं आहेत," मेहरीन म्हणाली. "इतका वेळ हात वर धरून बसणं त्यांना जमायचं नाही. त्यात मे महिना."

"सकाळचा कार्यक्रम आहे, मॅडम. पाच मिनिटांचं काम."

राजेश्वरी मॅडमनी मेहरीनकडं बघून हळूच मान हलवली. आता पुरे, असं. खरं सांगायचं तर तेव्हा मेहरीनला थोडं बरंही वाटलं होतं. आपण फरशीवर काढलेला नकाशा एवढा मोठा होणार, आभाळातून दिसणार, ही कल्पना तिला अगदीच वाईट वाटली नव्हती. सुट्टीतल्या पोरांना बोलावून तिनं सराव घेतला. पुठ्ठा म्हणजे छत्री, असा खेळ करून घेतला. 'पाऊस आला' म्हटलं की पुठ्ठा डोक्यावर, 'पाऊस गेला' म्हटलं की मांडीवर. नगर जिल्ह्याला पिवळा रंग आला होता. दिशा नावाची एक बारकी पोर तर पुठ्ठा घरी न्यायचा म्हणून रडली होती.

एक मेच्या सकाळी शाळेच्या गाड्या बाजारतळावर थांबल्या आणि दार उघडल्याबरोबर मेहरीनच्या नाकात तो वास शिरला.

गव्हाळीचा जनावरांचा बाजार घोडेगावच्या बाजाराएवढा मोठा नव्हता, पण आठवड्याला गाई-म्हशी, बैल, शेळ्या असा बराच माल तिथं उतरायचा. या आठवड्याचा बाजार नेमका आदल्या दिवशी झाला होता. ड्रोनला मोकळी जागा हवी आणि मंडपाला रस्ता जवळ हवा म्हणून भाऊंनी हेच मैदान धरलं होतं. कुणीतरी वरवर झाडलं होतं. जे झाडून निघालं नव्हतं, त्याच्यावर पांढरी फक्की ओतली होती. फक्कीच्या रेघांनी जिल्हे आखले होते, आणि त्या पांढऱ्या रेघांच्या आत-बाहेर ओलं शेण, मुताची थारोळी, तुडवलेला कडबा. माश्यांचा नुसता गोंगाट.

"इथं बसवायचं मुलांना?" मेहरीननं राजेश्वरी मॅडमना विचारलं.

"सतरंज्या सांगितल्या होत्या हो मी," मॅडम नाकाला पदर लावून म्हणाल्या. "पण वरून सतरंज्या दिसतात म्हणे. रंग बिघडतो."

मंडपात मात्र सतरंज्या होत्या, गाद्याही होत्या, आणि दोन्ही टोकांना मोठे कूलर लावलेले होते.

झेंडावंदन वेळेवर झालं. तेवढं नीट झालं. पोरांनी पांढरेशुभ्र कुडते घातले होते, नव्या कपड्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. झेंडा वर जाताना सगळी मान मागं टाकून बघत होती. दिशानं कपाळाला हात लावून सलाम ठोकला तो झेंड्याची फुलं खाली पडून संपली तरी काढला नाही. मेहरीन तेव्हा वास विसरून गेली होती.

मग माइक कल्याणच्या हातात गेला. कल्याण हा भाऊंचा उजवा हात, सगळ्या कार्यक्रमांत निवेदन त्याचंच. "चला बालमित्रांनो, महाराष्ट्र घडवायचाय!" असं ओरडून त्यानं एकेका शाळेला जागेवर बसवायला सुरुवात केली. विदर्भापासून बसवत बसवत नगरपर्यंत यायलाच इतका वेळ लागला, की ऊन चांगलं वर आलं. पोरांच्या पाण्याच्या बाटल्या दप्तरांसकट काढून घेतल्या होत्या, कारण त्यांचेही रंग वरून दिसतात. त्या सगळ्या पोत्यांत भरून मैदानाच्या कडेला, जनावरांच्या हौदाजवळ ठेवल्या होत्या. पोह्यांची पातेली मंडपामागं उन्हातच झाकून ठेवली होती. कार्यक्रम संपल्यावर पोरांना खाऊ, असं ठरलं होतं.

पाहुणा नगरहून निघालाय, असं कल्याणनं माइकवरून सांगितलं. थोड्या वेळानं परत सांगितलं, निघालाय. मग म्हणाला, पांढरीपुलावर आलाय. त्यानंतर तो बराच वेळ पांढरीपुलावरच राहिला.

मेहरीन आपल्या पोरांमधून वाकून वाकून फिरत होती. 'पाऊस गेला' म्हणून ती पुठ्ठे खाली घ्यायला सांगायची, की माइकवरून कल्याण खेकसायचा, "पिवळा रंग! पिवळा रंग काय करतोय? ड्रोनची ट्रायल चालू आहे. पुठ्ठे वर!" ड्रोन डोक्यावर येऊन घोंघावला तशी एकदोन पोरं घाबरून रडायला लागली. आवेज नावाच्या पोराच्या हाताला शेण लागलं होतं, ते पुसायला काहीच नव्हतं म्हणून तो हात लांब धरून बसला होता, आणि त्या हातावर माश्या बसत होत्या. मेहरीननं आपल्या ओढणीनं त्याचा हात पुसला. तेव्हाच तिला शेजारच्या पोरीच्या घोट्यावर काळा ठिपका दिसला. तीळ असेल असं वाटलं. बोट लावलं तर तो टपोरा होता, मऊ होता. गोचीड. जनावराच्या अंगावरची गोचीड, रक्त पिऊन टम्म फुगलेली. मेहरीननं ती चिमटीत धरून उपटली, टाचेखाली चिरडली. चपलेखाली ती फुटल्याचं तिला तळपायापर्यंत जाणवलं.

ती तशीच उठून मंडपाकडं गेली.

मंडपात थंड वारं होतं, मठ्ठ्याचा आणि जिलेबीचा वास होता. पुढच्या गादीवर भाऊ आणि चार-दोन पुढारी बसले होते. मागं पालक खुर्च्यांवर होते, बरेचजण मोबाईलवर मैदानाचं शूटिंग करत होते. भाऊंच्या हातात जिलेबीचा द्रोण होता.

"भाऊ, लहान गटाला थोडा वेळ सावलीला नेते," मेहरीन म्हणाली. "पाणी पाजते. पाहुणे फाट्यावर आले की परत बसवते. माझी जबाबदारी."

भाऊंनी जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला. "मॅडम, एकदा उठवली की परत बसत नाहीत हो ती. आत्ता बसवायला किती वेळ गेला बघितलं ना?"

"पण पाणी तरी—"

"पाणी पाजलं की शू लागणार. मग एकेकाला नेत बसा." शेजारचे हसले. भाऊंनाही हसू आलं. बोटं चाटत ते म्हणाले, "अहो, काल इथं म्हशी दिवसभर उभ्या होत्या उन्हात. कुणाला काही झालं नाही."

परत एकदा सगळे हसले. पाक भाऊंच्या मनगटापर्यंत ओघळला होता, तो त्यांनी जिभेनंच टिपला. मेहरीनला त्या जिभेकडं बघवेना. ती वळली. खुर्च्यांमधून जाताना एका पोराची आई उत्साहानं म्हणाली, "मॅडम, आमच्या पिल्लूला जरा पुढं घ्या ना, दिसतच नाहीये." तिच्या हातात मठ्ठ्याचा पेला होता.

मैदानाच्या कडेला दोर बांधला होता. दोराबाहेर उन्हातच एक म्हातारा उभा होता. दिशाचा आजा, कारभारी. गावातले लोक मंडपात बसले तरी तो काही बसला नव्हता. मेहरीनला पाहून तो म्हणाला, "बाई, एक इचारू का? वरून त्या इमानाला पोरं दिसत्यात का?"

"नाही, काका. वरून पुठ्ठेच दिसतात."

"मग पुठ्ठं ठेवा की भुईवर. वर धोंडं ठेवा, उडायचं न्हाईत. पोरं कशाला पायजेत खाली?"

मेहरीननं मैदानाकडं बघितलं. निळा, हिरवा, केशरी, जांभळा. बसलेल्या पोरांची तोंडं पुठ्ठ्यांखाली झाकून गेली होती. या बाजूनं सुद्धा पोरं दिसत नव्हती, नुसत्या बारक्या बारक्या कोपरांची थरथर दिसत होती.

तेवढ्यात पिवळ्या रंगात एक पुठ्ठा खाली पडला.

मेहरीन धावली. दिशा गुडघ्यांवर वाकली होती आणि ओकत होती. सकाळचं दूध-बिस्कीट सगळं कुडत्यावर, मांडीवर आलं. मग ती मागच्या मागं कलंडली. डोळे अर्धे उघडे, ओठ पांढरे. मेहरीननं तिला उचललं तेव्हा तिचं अंग तापलेल्या तव्यासारखं लागत होतं. कुडता खालून ओला होता. शेजारची पोरं "शी, मॅडम, शी," म्हणत सरकायला लागली, आणि फक्कीची रेघ मोडली.

"ए, कोण हललं? नकाशा फाटतोय!" माइकवरून कल्याण ओरडला. मग दोर ओलांडून तो धावत आला. दिशाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. जमिनीकडं बघितलं. "अरे, घाण केली का? माती टाका रे त्याच्यावर कुणीतरी! आणि हिच्या जागी दुसरं पोरगं घ्या लवकर. मंडपात बसलंय का कुणाचं? पाहुणे फाट्यावर आलेत!"

एका माणसानं खोऱ्यानं माती आणून ओकारीवर टाकलीसुद्धा. आवेजच्या पायावर ती उडाली. आणि मंडपातून खरंच एक बाप आपल्या पोराला हाताला धरून लगबगीनं निघाला. पोराला संधी मिळाली म्हणून त्याचा चेहरा फुलला होता.

पुढं कुणी विचारलं तर मेहरीनला नीट सांगता यायचं नाही, की आपल्याला नेमका कशाचा संताप आला. संताप असा आलाच नव्हता. आली ती किळस. अंगावर पाल पडावी तशी. या माणसांजवळ, या मातीवर, या माइकच्या आवाजात आणखी क्षणभरही थांबणं नको, एवढंच तिला कळत होतं.

"पाऊस गेला," ती म्हणाली.

पिवळे पुठ्ठे खाली आले.

"उठा रे. सगळे उठा. पुठ्ठे इथंच ठेवा आणि एकमेकांचे हात धरा."

"मॅडम, काय करताय तुम्ही?" कल्याणचा माइक चालूच होता, त्यामुळं हे सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

मेहरीननं दिशाला खांद्यावर टाकलं आणि ती चालू लागली. मागं पोरं. काही फक्कीतून, काही शेणातून, एकाच्या चपला मागं राहिल्या. शेजारी पुणे जिल्ह्यात सविता मॅडमचा मोठा गट बसला होता. सविता ही तिची मैत्रीण, रोजचा डबा दोघी एकत्र खायच्या. मेहरीन तिच्याजवळ थांबली. "चल ना, सविता. तुझी पण ने."

सवितानं मंडपाकडं बघितलं, मग खाली मान घातली. "मला नाही गं जमायचं," ती पुटपुटली. "तू जा."

हौदाजवळ कडुनिंबाची मोठी झाडं होती. बाजाराच्या दिवशी बैल तिथं बांधत. सावली मात्र दाट होती. कारभारीनं दोर उचलून धरला आणि पोरं खालून वाकून पलीकडं गेली. पोती उपसून बाटल्या काढल्या. कुणाची बाटली कुणाला, हे बघायला वेळ नव्हता, पोरं घटाघटा प्यायली. कारभारीनं आपला पटका सोडून हौदाच्या नळाखाली भिजवला आणि दिशाच्या डोक्यावर ठेवला. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, आज्याकडं बघितलं आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मेहरीन झाडाच्या बुंध्याशी खाली बसली.

राजेश्वरी मॅडम उन्हातून जवळजवळ पळतच आल्या. "मेहरीन मॅडम, अहो, पाचच मिनिटं! पाहुणे आले. भाऊ किती चिडलेत माहितीये का?"

"हिला दवाखान्यात न्यायला हवं," मेहरीन म्हणाली. "गाडी द्या."

"गाड्या पाहुण्यांच्या मागं लावल्यात. कार्यक्रम झाला की लगेच—"

"ऱ्हाऊ द्या तुमची गाडी," कारभारी म्हणाला. त्यानं नातीला उचललं आणि रस्त्यावर जाऊन नगरकडं निघालेला एक टेम्पो हात करून थांबवला. टेम्पोत कोबीची पोती होती. त्यांच्यावर बसूनच दोघं गेली.

आणि मग पालक आले. मेहरीनला वाटलं होतं, आपली पोरं बघायला येत असतील. काही आया आल्या खऱ्या. दोघी-तिघींनी पोरं छातीशी धरली, मुकाट्यानं घरी नेली. पण बाकीच्यांचं वेगळंच होतं. "थोडाच वेळ राहिला होता हो फक्त," एकजण म्हणाला. "सगळ्यांच्या पोरांना प्रमाणपत्र मिळणार आणि आमच्या नाही, याला काय अर्थ आहे?" पोराला पुढं घ्या म्हणणारी आई तर रडकुंडीला आली होती. पोराची मानगूट उन्हानं लालभडक झाली होती. ती त्यावर पावडर लावत होती आणि बोलत होती, "एवढा ड्रेस शिवून घेतला त्याला."

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. काळा चष्मा लावलेला पाहुणा गाडीतून उतरला होता. मेहरीन झाडाखालून बघत राहिली. आता नकाशात मोठं भोक दिसेल, असं तिला वाटत होतं. पण कल्याण काही वेडा नव्हता. त्यानं माणसं लावून टाकलेले पिवळे पुठ्ठे गोळा केले, जमिनीवर शेजारी शेजारी मांडले आणि उडू नयेत म्हणून प्रत्येकावर माती टाकली. पाहुण्यानं रिमोट हातात घेतल्यासारखं केलं. ड्रोन वर गेला. फिरला. खाली आला. सगळं पाच मिनिटांत झालं, भाऊंनी म्हटलं होतं तसंच.

पोहे पोरांना दिले तेव्हा आंबले होते. पहिला घास तोंडात घालताच पोरांनी तो थुंकून टाकला, आणि पोह्यांच्या त्या द्रोणांचा खच शेणावर पडला. मंडपात पाहुण्याबरोबर फोटो चालू होते.

संध्याकाळी मेहरीननं दोनदा अंघोळ केली. केस धुतले, नखं कापली, ओढणी गरम पाण्यात भिजवली. तरी बोटांना तो वास येतच राहिला. शेणाचा, ओकारीचा आणि त्यात मिसळलेला जिलेबीचा. तिला जेवण जाईना.

तिचा नवरा अलीम वेल्डिंगचं दुकान बंद करून आला. त्यानं मोबाईल पुढं धरला. व्हिडिओ सगळीकडं फिरत होता. जांभळ्या-हिरव्या रंगांचा सुंदर महाराष्ट्र, मधोमध पिवळाधमक नगर जिल्हा, कडा एकदम सरळ. खरं तर बाकीच्या जिल्ह्यांच्या कडा जरा हलत होत्या. नगर तेवढा जागचा हलत नव्हता. खाली लोकांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला होता.

"चांगलं दिसतंय की," अलीम म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्यानं मोबाईल खाली ठेवला. "दुकानात कळलं मला सगळं. कल्याण येऊन गेला."

"काय म्हणाला?"

"भाऊंच्या बोर्डांच्या सगळ्या चौकटी मीच करतो. ते आठवण करून द्यायला आला होता." तो भिंतीला टेकून बसला. "माफी मागून टाक ना, मेहरीन. दोन ओळींचं काम. झेंड्याच्या दिवशी कार्यक्रम मोडला म्हणतायत. उद्या लोक दुसरंच काहीतरी बोलायला लागतील."

"कार्यक्रम कुठं मोडला? बघ ना, किती छान दिसतंय."

"तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

तिला कळत होतं. म्हणूनच तिला सगळ्यात वाईट वाटलं. भाऊंची, कल्याणची किळस आली तरी ती बाहेरची होती, दार लावलं की संपायची. पण आपल्या घरात, आपल्या माणसाच्या तोंडून ही भीती ऐकताना तिला वाटलं, बाजारतळावरची ती माती चपलेला लागून घरात आली आहे. ती उठली आणि ओढणी परत एकदा पिळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी मॅडमनी बोलावलं. मॅडम तशा वाईट नव्हत्या. मेहरीनला कावीळ झाली तेव्हा त्यांनी आपल्या हातानं उसाचा रस आणून दिला होता. त्यांनी चहा मागवला, पंखा वाढवला.

"दिशा बरी आहे," त्या म्हणाल्या. "सलाईन लावलं, रात्री घरी सोडलं. मी फोन केला होता. म्हणजे काळजीचं काही नाही."

"हो. मी पण केला होता."

"मग आता हे मिटवून टाकू. 'अनवधानाने झालं' एवढंच लिहून द्या. भाऊ मोठ्या मनाचे आहेत." त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही तरी असं करायला नको होतं हो. तुम्ही तरी."

मेहरीननं चहाचा कप खाली ठेवला. "मी तरी म्हणजे?"

राजेश्वरी मॅडम बांगड्या मागंपुढं करू लागल्या. "तुमच्या भल्यासाठीच सांगते."

"मी तरी म्हणजे काय, मॅडम? इतकी वर्षं एक मेला फरशीवर नकाशा कोण काढतंय? सविता उठली असती तर तिला 'तुम्ही तरी' म्हणाला असता का?"

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. चहावर साय धरली. मेहरीननं कागद परत मॅडमकडं सरकवला.

"अनवधानानं नव्हतं ते," ती म्हणाली. "मी बघून, समजून उठवली मुलं. उशिरा उठवली, एवढंच चुकलं. गोचीड दिसली तेव्हाच उठवायला हवी होती."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा लहान गटाला नवीन मॅडम आल्या होत्या. भाऊंच्या बोर्डांच्या चौकटींचं काम नेवाशाच्या एका दुकानाला गेलं. अलीम आठवडाभर तिच्याशी जेमतेम बोलला. मग एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "त्या कल्याणला मी त्याच दिवशी हाकलायला पायजे होतं." तेवढंच. पुन्हा हा विषय त्यानं काढला नाही. कारभारी एकदा दिशाला घेऊन आला, मेथीची जुडी देऊन गेला. दिशाला त्यानं भाऊंच्या शाळेतून काढून सरकारी अंगणवाडीत घातलं होतं. बाकीची पोरं तिथंच राहिली. सविता रस्त्यात भेटली की हसायची, आणि काहीतरी काम आठवल्यासारखं करून पुढं जायची.

मेहरीनला नगरमधल्या एका बालवाडीत नोकरी लागली. पहिल्या दिवशी ती गव्हाळी फाट्यावरून एसटीत चढली. खिडकीची जागा मिळाली. बस फाट्यावरून वळली तसा तिला तो बोर्ड दिसला. अख्ख्या चौकाला झाकणारा. वर विक्रमी महाराष्ट्र, पिवळ्याधमक जिल्ह्यासकट, त्याच्यावर हात जोडलेले भाऊ, आणि खाली ओळ: 'आमची चिमुकली, आमचा अभिमान.' चिमुकली कुठंच दिसत नव्हती.

तिच्या तोंडात एकदम कडू पाणी आलं. खिडकीची काच सरकवून ती बाहेर थुंकली. अशी उघड्या रस्त्यावर ती आयुष्यात कधी थुंकली नव्हती.

"मळमळतंय का, ताई?" शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं आणि पिशवीतून पुडी काढली. "बडीशेप घ्या. मला पण बस लागते. कुठं, नगरलाच का?"

"हो, नगरला," मेहरीन म्हणाली. तिनं बडीशेप घेतली आणि काच परत लावली. "नवीन नोकरी आहे. लहान मुलांची शाळा."

"अगं बाई! लहान मुलांना सांभाळायचं म्हणजे लई जिवावरचं काम."

"मुलांचं काही नसतं हो," मेहरीन म्हणाली, आणि मग त्या दोघी नगर येईपर्यंत पोराबाळांबद्दल, शाळांबद्दल आणि उन्हाळा यंदा किती लांबला याबद्दल बोलत राहिल्या.